माया आणि माप

घरात मूल तापले की आई औषध देते. किती दिले, केव्हा दिले, हे ती कोठेही लिहून ठेवीत नाही. तिची आठवण हीच तिची नोंदवही. परंतु बाल कल्याण समितीच्या आदेशाने जे मूल बालगृहात येऊन राहते, त्याच्या उशाशी एकच माणूस बसत नाही. दिवसाची काळजीवाहक निराळी, रात्रीची निराळी. अशा ठिकाणी एखाद्या बाईने केवळ कळवळ्यापोटी औषध दिले आणि त्यात चूक झाली, तर तिला दोष द्यावा काय? हेतू शुद्ध असला म्हणजे कर्तव्य पुरे झाले काय?

एक प्रसंग कल्पून पाहू. आठ वर्षांच्या मुलाला संध्याकाळी ताप भरला. दिवसाच्या बाईंनी त्याला पॅरासिटामॉलचे पातळ औषध पाजले आणि पाळी संपताच त्या घरी गेल्या. दोन तासांनी रात्रीच्या बाईंनी कपाळाला हात लावला, तो ते अजून कढतच. त्यांनीही तेच औषध पाजले. वास्तविक हे औषध वजनाच्या मानाने द्यावयाचे असते. दोन मात्रांत निदान चार तासांचे अंतर लागते, आणि चोवीस तासांत चारांहून अधिक मात्रा देऊ नयेत. शिवाय आपल्या बाजारात ते दोन तीव्रतांचे मिळते: एका बाटलीतील ५ मिलिलिटरमध्ये सुमारे १२० मिलिग्रॅम, तर दुसरीत २५०. माप तेच, औषध मात्र दुप्पट. अशी चूक वारंवार घडली तर यकृताला इजा होते, आणि ती आरंभी बाहेरून दिसतही नाही. या दोघींपैकी कोणीही निर्दय नव्हती. अपाय संभवला तो एकीचे दुसरीला ठाऊक नव्हते म्हणून.

नियम आहेत ते याचसाठी. योग्य मूल, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ, या पाच गोष्टी आधी पडताळाव्या व औषध देताक्षणीच नोंद करून सही करावी, असे प्रशिक्षणात शिकवितात. कोणी म्हणेल, ही तर कारकुनी झाली. आजारी लेकराजवळ बसावे की वही भरावी? पण ज्या मुलाची सारी हकीकत कोणा एकाच्या आठवणीत मावत नाही, त्याच्यासाठी अनेकांनी मिळून राखलेली आठवण म्हणजे ती वही होय. ती भरणे हादेखील त्याच्याजवळ बसण्याचाच एक प्रकार आहे.

दुसरे असे की, माया कितीही उत्कट असली तरी ती ज्ञान उत्पन्न करीत नाही. पूर्वी तापलेल्या मुलांना अ‍ॅस्पिरिन सर्रास दिले जाई, आणि तेही प्रेमानेच. १९६३ साली सिडनी येथील डॉक्टर डग्लस रे यांनी मेंदू व यकृत यांवर घाला घालणाऱ्या एका बालविकाराचे वर्णन केले. पुढे १९८० च्या सुमारास त्याचा अ‍ॅस्पिरिनशी संबंध दिसून आला. हा धोका कोणा आईच्या अंतःकरणाने ओळखला नाही. तो काळजीपूर्वक ठेवलेल्या नोंदींनी उघड केला.

मग दोषाचे काय? शिकविलेल्या हातूनही चूक होईल. तेव्हा खरी कसोटी अशी की, ती बाई तत्काळ डॉक्टरांना व अधीक्षकांना सांगते, की नोकरीच्या भयाने गप्प बसते. तिच्या त्या गप्प बसण्याची किंमत मुलाला मोजावी लागते. म्हणून जी संस्था चूक कबूल करणाऱ्याला प्रथम घरी पाठविते, ती आपल्या सेवकांना लपविण्याचेच शिक्षण देते, आणि जी कोणाला शिकवितच नाही, तिला तर सेवकांना बोल लावण्याचा अधिकारच उरत नाही.

अजाणता झालेली चूक क्षम्य आहे. जाणून घेण्याचा कंटाळा क्षम्य नाही. ते मूल पुढे आलेला चमचा पाहून निमूटपणे तोंड उघडते. त्यात काय आहे, असे विचारीत नाही. ते विचारणे आपले काम आहे.