दोन्ही उतार हिरवे असतील तर

हलाल आणि हराम यांतील निवड आचरायला अवघड असेल, पण ओळखायला अवघड नसते. खरा पेच पडतो तो दोन्ही वाटा हलाल आणि दोन्ही चांगल्या असताना. ‘नीट’ परीक्षेचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की आपल्या समाजातील काही घरांत हा पेच उभा राहतो. अल्लाहच्या कृपेने अशी घरे वाढत आहेत. एखाद्या गुणवंत मुलीला अखिल भारतीय यादीतून नागपूरच्या एम्समध्ये जागा मिळते आणि राज्याच्या यादीतून मुंबईच्या सेठ जी. एस. महाविद्यालयात, म्हणजेच के.ई.एम.मध्ये. पहिली संस्था २०१८ साली सुरू झाली, तर दुसरी १९२६ साली. एकीकडे केंद्र शासनाचे पाठबळ आणि नाममात्र शुल्क आहे. दुसरीकडे अनेक पिढ्यांची परंपरा आणि परळच्या रुग्णालयात रोज लोटणारी गर्दी आहे, जी स्वतःच मोठा शिक्षक असते. मग रात्र-रात्र चर्चा चालते आणि आनंदाच्या घरावर चिंतेची छाया पडते. कोणी म्हणते, ‘इस्तिखारा करा, स्वप्नात उत्तर मिळेल.’

इस्लामने अशा प्रसंगी नेमके काय शिकविले आहे, हे पाहिले पाहिजे.

ह. उमर (र.) सीरियाच्या प्रवासात सर्ग या ठिकाणी पोहोचले, तेव्हा पुढच्या प्रदेशात प्लेगची साथ पसरल्याची वार्ता त्यांना कळली. त्यांनी आधी मुहाजिरांचा सल्ला घेतला, मग अन्सारांचा. दोन्हीकडे मतभेद निघाले. नंतर कुरैशमधील वडीलधाऱ्यांना विचारले, तेव्हा त्यांनी एकमुखाने परतण्याचा सल्ला दिला. ह. उमर (र.) यांनी परतण्याचे ठरविले. ह. अबू उबैदा (र.) यांनी विचारले, हे अल्लाहने नेमलेल्या नशिबापासून पळणे नव्हे काय? त्यावर ह. उमर (र.) यांच्या उत्तराचा आशय असा होता, की आम्ही अल्लाहच्या एका नेमणुकीकडून त्याच्याच दुसऱ्या नेमणुकीकडे जात आहोत. त्यांनी दृष्टान्त दिला तो एका खोऱ्याचा. त्याचा एक उतार हिरवा आहे, दुसरा उजाड. उंट कोठेही चारले तरी ते अल्लाहच्या नेमणुकीनेच चरतील. पण म्हणून शहाणा माणूस उजाड उतारावर जात नाही. पुढे ह. अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांनी साथीच्या प्रदेशात न जाण्याविषयीचे प्रेषितवचन सांगितले आणि या निर्णयाला पुष्टी मिळाली.

यातील क्रम ध्यानी घेण्यासारखा आहे. आधी माहिती, मग सल्लामसलत, मग निर्णय आणि त्यानंतर अल्लाहवर भरवसा. सूरह आलिइमरानच्या १५९व्या आयतीतही सल्लामसलत, निश्चय आणि भरवसा याच क्रमाने येतात. भरवसा हा विचाराला पर्याय नाही. तो विचारानंतरचा टप्पा आहे.

मात्र आपल्या उदाहरणात दोन्ही उतार हिरवे आहेत. येथे चौकशीने बरेच काही उलगडते. शुल्क किती, घरापासून अंतर किती, वसतिगृह कसे, संगत आणि नमाजची सोय कशी, सेवेचे बंधपत्र आहे काय? हे प्रश्न मुलीच्या बाबतीत जितके विचारले जातात तितकेच मुलाच्या बाबतीतही विचारावेत. त्या महाविद्यालयांत शिकलेल्या डॉक्टरांना भेटावे. तरीही तराजू समतोल राहिला, तर समजावे की प्रश्न आता खोऱ्याचा उरलेला नाही. तो चारणाऱ्याचा आहे, म्हणजेच नियतीचा, अंतःकरणातील हेतूचा आहे.

इमाम गझाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये वैद्यकशास्त्राची गणना फर्जे किफायामध्ये केली आहे. ज्या कर्तव्याचा भार समाजातील काहींनी उचलला नाही तर सारा समाज दोषी ठरतो, असे हे कर्तव्य. त्याच ठिकाणी त्यांनी खंत व्यक्त केली आहे, की गावोगावी वैद्यांची वाण आहे आणि लोक मात्र फिकहच्या वादविवादांकडे धाव घेतात, कारण तेथे पद, मान आणि सत्तेची जवळीक मिळते. विद्या पवित्र, पण ओढ प्रतिष्ठेची! हाच आरसा आज आपल्यासमोर धरला तर काय दिसेल? ‘कोणते नाव पाटीवर शोभेल?’ हा प्रश्न मनात पहिला येतो, की ‘साडेपाच वर्षांनी मी कोणाच्या उपयोगी पडेन?’ हा? महाविद्यालयाच्या नावाचा मोह सूक्ष्म असतो. तो मुलांपेक्षा कधीकधी आई-वडिलांना अधिक असतो. आई-वडिलांचा सल्ला आदराने ऐकणे हे अपत्याचे कर्तव्य आहे. पण नातेवाइकांत मिरविण्यासाठी अपत्याच्या पाठीवर ओझे ठेवणे हा आई-वडिलांचा हक्क नव्हे.

आता इस्तिखाऱ्याविषयी. ह. जाबिर (र.) सांगतात, की प्रेषित मुहम्मद (स.) कुरआनची सूरह शिकवावी तशा आस्थेने सर्व बाबतींत इस्तिखारा शिकवीत असत. कामाचा विचार मनात ठरू लागला, की फर्जव्यतिरिक्त दोन रकात नमाज पढून ही दुआ करावयाची असते. तीत स्वप्नाचा उल्लेख नाही, रंगांच्या संकेतांचा नाही. बंदा आपले अज्ञान आणि दुर्बलता कबूल करतो. हे काम धर्म, उपजीविका आणि परिणाम या दृष्टीने हितकर असेल तर ते सुकर व्हावे, अहितकर असेल तर ते माझ्यापासून आणि मी त्यापासून दूर व्हावे, असे मागतो. शेवटी मागतो ते समाधान. जेथे माझे हित असेल तेथे ते मला मिळो आणि मला त्यावर राजी कर. मागणारा स्वतः आहे, म्हणून ही दुआ दुसऱ्याकडे सोपवून स्वस्थ बसणे तिच्या गाभ्याशी जुळत नाही. इस्तिखारा म्हणजे भविष्य विचारणे नव्हे. आपला हट्ट अल्लाहच्या पायरीवर उतरवून ठेवणे होय.

या साऱ्या विचारात एक माणूस सहसा विसरला जातो. तो म्हणजे यादीत आपल्या खाली उभा असलेला अनोळखी विद्यार्थी. आपण जी जागा सोडणार आहोत, ती त्याच्या वाट्याला येणार असते. निर्णय झाल्यावरही ‘पाहू या’ म्हणत दोन्ही दारांत पाय ठेवून उभे राहिले, तर मुदत संपत जाते आणि कोणाच्या तरी घरातील दिवा लागायचा राहतो. दुसऱ्याचा हक्क हा हुकूकुल-इबादचा विषय आहे. ज्याला रुग्णाच्या जीविताचा अमानतदार व्हायचे आहे, त्याची अमानतीची पहिली परीक्षा येथेच होते. जागा नियमाप्रमाणे वेळेत मोकळी करणे, हीही एक इबादत ठरू शकते.

आणि एकदा निवडल्यावर मागे वळून पाहू नये. ‘तसे केले असते तर’ हा उद्गार सैतानाच्या कामाला दार उघडतो, अशी शिकवण सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आहे. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र जड जाईल, घराची आठवण येईल, तेव्हा न निवडलेले महाविद्यालय अधिक हिरवे भासेल. त्या वेळी आठवावे, की तो उतारही अल्लाहचाच होता आणि हाही अल्लाहचाच आहे. रुग्णाला डॉक्टरच्या पदवीवरील शिक्का दिसत नाही. त्याला हात लागतो तो मायेचा की घाईचा, एवढेच कळते.

अल्लाह आपल्या मुला-मुलींना उपयुक्त ज्ञान, शुद्ध नियत आणि मिळालेल्या वाटेवर समाधान देवो. आमीन.