अक्षर पाहावें कीं वाचावें?

चित्रकार आणि सुलेखक हीं दोन निराळीं माणसें आहेत असें चीनमधील जुन्या वळणाच्या रसिकास सांगितलें, तर त्यास तें चमत्कारिक वाटेल. तेथें कागद तोच, शाई तीच आणि कुंचलाहि तोच. वू छांगशुओ (१८४४–१९२७) हा अर्वाचीन चित्रकार प्राचीन शिलांवरील अक्षरें वर्षानुवर्षें गिरवीत बसला, आणि त्याच मनगटानें पुढें त्यानें वेली व फुलें काढलीं. त्याच्या फांदीला जो ताठरपणा आहे तो वनस्पतिशास्त्रांतून आलेला नाहीं, दगडांतील अक्षरांतून आलेला आहे. त्याच्या कितीतरी पूर्वीं झाओ मेंगफू (१२५४–१३२२) यानें खडक कोणत्या लेखनपद्धतीनें काढावा, झाड कोणत्या आणि वेळू कोणत्या, हें आपल्या चित्राबरोबरच लिहून ठेविलें होतें.

हें सर्व आम्ही विद्यार्थ्यांस मोठ्या आढ्यतेनें सांगत आलों. परंतु मागें एकदां पुणें-सातारा रस्त्यावरील शिवरे या गांवीं एका परिचितांकडे गेलों असतां हें ज्ञान अपुरें पडलें. यजमानांनीं पेटींतून जुन्या मोडी कागदांचा एक रुमाल काढून आमच्यापुढें सोडला. त्यांतील एका कागदाचें वळण पाहून आम्ही थक्क झालों. या टोकापासून त्या टोकापर्यंत आधीं ओढून ठेवलेली शिरोरेघ, आणि तिच्याखालीं, बोरू क्वचितच उचलून, एकमेकांत गुंतत गेलेलीं अक्षरें. शब्दाशब्दांत अंतर नाहीं, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाहीं. आम्हीं तेथल्या तेथें चिनी सुलेखनावर लहानसें व्याख्यान दिलें आणि हा कागद चौकटींत घालून भिंतीवर लावण्याजोगा आहे असा अभिप्रायहि दिला. यजमानांनीं तो शांतपणें ऐकून घेतला. मग म्हणाले, "लावूं कीं, सर. पण ह्यांत लिहिलंय काय?"

आम्हांस वाचतां येईना.

न वाचतां केलेली ती स्तुति खरी कीं खोटी, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत आहे. रेषेचें सौंदर्य अर्थाहून स्वतंत्र असतें असें म्हणतां येईल, आणि त्यांत तथ्य आहे. रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनीं देवनागरी अक्षरांशीं केलेले खेळ, किंवा अच्युत पालव यांनीं मोडीच्या अभ्यासांतून घडविलेली मुक्त लिपी पाहतांना प्रत्येक अक्षर लागलेंच पाहिजे असा हट्ट कोणी धरीत नाहीं. परंतु तीं अक्षरें पाहण्यासाठींच काढलेलीं आहेत. पेटींतला कागद तसा नव्हता.

शिवाय चिनी दाखल्याचा आम्हीं सोयीस्कर अर्धाच भाग घेतला होता. तेथील रसिक चित्रावरची कविता वाचतो. आणि नुसतें अक्षर पाहतांनाहि कुंचला कोठें टेकला, कोठें कोरडा पडला, हें क्रमानें मनांत गिरवितो. लिहिणारा माणूस त्यास त्या रेषेंत दिसावा लागतो. आमच्याकडे याच्या उलट आदर्श आहे. दासबोधांतील लेखनक्रियेच्या समासांत समर्थांची अपेक्षा अशी कीं, ग्रंथाचें पहिलें अक्षर आणि शेवटचें अक्षर एकाच टांकाचें वाटावें. म्हणजे लेखकाचा थकवा, त्याची लहर, यांचा मागमूस उरूं नये. शिक्क्यांतहि हाच भेद. चिनी चित्रावर पुढचे धनी खुशाल आपले तांबडे शिक्के उठवीत. अठराव्या शतकांतील छ्येनलोंग बादशहानें तर त्यांत मर्यादा सोडली. आमच्या राजपत्राखालीं मोर्तब होई तें मजकूर संपला हें दाखविण्यासाठीं, कोणीं खालीं एक ओळहि घुसडूं नये म्हणून. ज्या भोरच्या तालुक्यांत शिवरे येतें, तेथें १९४८ पर्यंत पंतसचिवांचें संस्थान होतें; आणि अष्टप्रधानांतील सचिवाचें एक कामच मुळीं राजपत्रांतील अधिकउणें तपासण्याचें. अशा मुलुखांतील कागद न वाचतां वाखाणणें हें जरा जास्तच झालें!

कागद पुण्यांतील एका मोडी जाणकारांकडून लावून घेतला. तें गहाणखत निघालें. यजमानांच्या पूर्वजानें आपलें शेत सावकाराकडे लावून दिलें होतें. आम्हीं वाखाणलेलें वळण कारकुनाचें. कर्जदारास लिहितां येत नव्हतें, म्हणून त्याच्या नांवाशेजारीं त्याच्या सहीऐवजीं नांगराची निशाणी होती: चारपांच वांकड्या रेघा, एके ठिकाणीं शाई फुटलेली. चित्र म्हणून त्या कागदावर काय होतें तें एवढेंच, आणि तें आम्हीं डाग समजून सोडून दिलें होतें.

वाचन घेऊन पुन्हा शिवऱ्यास गेलों. यजमानांनीं तें दोनदां वाचलें. शेत पुढें सुटलें नाहीं हें त्यांस ऐकून ठाऊक होतें. कोणत्या कागदानें गेलें तें ठाऊक नव्हतें. नांगरावर बोट ठेवून ते बराच वेळ बसले. चौकटीचा विषय त्यांनीं काढला नाहीं, आणि आमचीहि तो काढण्याची छाती झाली नाहीं. बाळबोधींत एक स्वच्छ प्रत करून द्या, एवढें मात्र त्यांनीं सांगितलें. ती प्रत जवळजवळ झाली आहे. त्या नांगराच्या जागीं 'निशाणी नांगर' असे दोन शब्द घालावे, कीं त्या रेघा जशाच्या तशा आपल्या हातानें उतरून घ्याव्या, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं.