चौकटीबाहेरचा सरवा

दुसऱ्याचे श्रम पाहून आपणांस आनंद व्हावा, ही गोष्ट नीतीच्या दृष्टीने कितपत निर्दोष आहे? लोहाराच्या घणाची लय, कुंभाराच्या चाकावर उमलणारी माती, ही दृश्ये पाहताना आपण सुखावतो; पण घण उचलणाऱ्याच्या खांद्याची कळ आपल्या सुखात कोठेच उमटत नाही. पूर्वी या प्रश्नाला फारशी धार नव्हती. पाहणारा घटकाभर थांबे, आणि दृश्य त्याच्याबरोबरच सरून जाई. आज प्रत्येकाच्या खिशात चित्रण करणारे यंत्र आले आहे. जे पाहिले ते साठविता येते, कापता येते, चार जणांस दाखविता येते. पाहणे हीच आता एक कृती झाली आहे, आणि कृती म्हटली की तिचा जाब आला.

हा विचार आम्हांस सुचला तो सोयाबीनच्या कापणीमुळे. गेल्या आश्विनात, दसऱ्याच्या सुट्टीत, झाशीहून ललितपूरकडे जाणाऱ्या वाटेवरील एका गावी एका स्नेह्यासह आम्ही कापणीचे चित्रण करण्यास गेलो होतो. सोयाबीन हे तसे नवखे पीक. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात त्याचे नावही नव्हते. १९७० नंतर ते शेजारच्या मध्य प्रदेशात झपाट्याने पसरले, लोक त्यास पिवळे सोने म्हणू लागले, आणि १९८७ साली इंदूरला त्याच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. आमच्या बुंदेलखंडातही उडीद व भुईमूग यांच्या शेजारी खरिपात ते दिसते. त्या शेतात चालणारे कापणीयंत्र जुने होते. रंग उडालेला, पत्रे ठोकून बसविलेले, आणि आवाज असा की कोसभरावरून ओळखावा.

सोयाबीन कापणे हे गव्हाइतके सोपे नाही. त्याच्या शेंगा बुंध्याशी, जमिनीला अगदी लगटून लागतात. म्हणून यंत्राचे पाते मातीला घासेल इतके खाली न्यावे लागते. खाली नेले तर दगडावर आपटण्याचे भय, वर उचलले तर खालच्या शेंगा तशाच राहतात. मळणीचा ढोल जोरात फिरला तर दाणा फुटून त्याची डाळ होते; मंद फिरला तर शेंगा न उकलताच भुसकटाबरोबर मागे पडतात. दुपारच्या उन्हात वाळलेली शेंग पात्याचा नुसता धक्का लागताच तडकते. नव्या यंत्रांत जमिनीच्या चढउताराप्रमाणे आपोआप वाकणारी पाती असतात. या जुन्या यंत्राला चालकाचा हात आणि कान यांचाच आधार होता. मान किंचित कलती करून तो ढोलाचा आवाज ऐके आणि त्यावरून वेग कमीअधिक करी. माणूस आणि यंत्र यांचे हे जुळलेले सूत पाहण्याजोगे होते, यात शंका नाही.

परंतु यंत्राच्या मागून काही बाया आणि मुले येत होती. राहिलेल्या शेंगा आणि सांडलेले दाणे ती वेचीत होती. मराठीत यास आपण सरवा म्हणतो, इकडे सीला म्हणतात. संस्कृतातील ‘शिल’ आणि ‘उञ्छ’ हे शब्द याच वृत्तीचे. मनूने ब्राह्मणाच्या उपजीविका सांगताना हिला ‘ऋत’ असे नाव दिले आहे. महाभारतात युधिष्ठिराच्या अश्वमेधाला उणे ठरविणारे अर्ध्या सोनेरी अंगाचे मुंगूस सोनेरी झाले ते अशाच एका दाणे वेचून जगणाऱ्या कुटुंबाने अतिथीस दिलेल्या सातूच्या उरल्यासुरल्या कणांत लोळून. कॅमेरा वळताच त्या बायांनी पदर पुढे ओढले. स्नेही म्हणाले, “जरा थांबू. ही मंडळी पुढे गेली की चौकट स्वच्छ होईल.”

हा ‘स्वच्छ’ शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. कोणी म्हणेल, निवड केल्यावाचून कला संभवत नाही. प्रत्येक चौकट काहीतरी बाहेर ठेवणारच. हे खरे आहे. परंतु जागा नाही म्हणून बाहेर ठेवणे वेगळे, आणि समोर असल्याने आपल्या सुखात व्यत्यय येतो म्हणून बाहेर ठेवणे वेगळे. आम्हां कारकुनांना हा भेद चांगला ठाऊक असतो. टिपणात एक वाक्य गाळले, एक कागद जोडला नाही, म्हणजे खोटे काहीच लिहिलेले नसते; तरीही फायलीतून एक माणूस नाहीसा होतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. जुन्या यंत्राविषयी आपण हळहळतो. पण याच यंत्राने एके काळी विळ्याचे काम हिरावले होते, आणि त्या विळेवाल्यांसाठी कोणी चित्रण केले नव्हते. म्हणून विळ्याची आरती ओवाळावी काय? आश्विनाच्या उन्हात दिवसभर वाकून ज्याने कापणी केली आहे तो तसे म्हणणार नाही. आणि पिकल्या शेंगांवर एक अवेळी पाऊस आला तर वर्षाचे पीक नासते. तेव्हा यंत्र दोषी नव्हे. विचार करायचा तो पुढच्या गोष्टीचा. मालकाच्या दृष्टीने जी जुन्या यंत्राची नासाडी, तीच मागून येणाऱ्याची टोपली. उद्या निर्दोष यंत्र आले की जमिनीवर काहीच उरणार नाही. म्हणजे येथला दानधर्म मनाच्या औदार्यापेक्षा पात्याच्या बोथटपणावर टिकला होता. यहुद्यांच्या धर्मशास्त्राने हे ओळखले होते. शेताचे कोपरे कापू नयेत, सरवा गरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवावा, अशी तेथे स्पष्ट आज्ञा आहे. यंत्र सुधारते तेव्हा पूर्वी जे चुकून घडत होते ते आता जाणून करावे लागते.

चित्राचेही असेच आहे. फ्रेंच चित्रकार मिले याने १८५७ साली सरवा वेचणाऱ्या तीन स्त्रिया चित्राच्या अग्रभागी आणल्या आणि धान्याच्या गंजी दूर क्षितिजाशी ठेविल्या. आन्येस वार्दा हिने २००० साली हातातल्या छोट्या कॅमेऱ्याने अशाच वेचणाऱ्यांचा चित्रपट केला, आणि त्याच्या नावातच स्वतःलाही वेचणारी म्हणवून घेतले. झाशीला १८५७ चा अर्थ वेगळा. पुढच्या वर्षीची येथील लूट विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये लिहिली, ती त्यांनी स्वतः भोगलेली होती, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आहे. आम्हांस ते वजन लाभणार नाही. महिनाअखेर ज्याचा पगार नेमाने जमा होतो त्याने भुकेचा साक्षीदार म्हणून मिरवू नये.

मग पगारदार बघ्याच्या वाट्याला कोणता प्रामाणिकपणा येतो? आमच्या मते, विचारण्याचा. आम्ही विचारले तेव्हा त्यांतील वडीलधारी बाई म्हणाली, “भैया, तोंड दिसू देऊ नका, हात दिसले तर दिसोत.” आमच्या चित्रणात आता यंत्राच्या मागोमाग ते हात येतात. पाहणारे कधी विचारतात, यंत्र चालू असताना मध्येच हे कशाला? कापणी तेथे संपत नाही, एवढेच उत्तर आम्ही देतो. ज्या सौंदर्याला हे हात सोसवत नाहीत, ते पुरते पाहिलेले सौंदर्यच नव्हे.