पामतेलाचा सातबारा

फरसाणाच्या पुडीमागे बारीक अक्षरांत ‘खाद्य वनस्पती तेल (पामोलीन)’ एवढंच छापलेलं असतं. बिस्किटं, नूडल्स, अंगाचा साबण, सगळीकडे पाम आहे. जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करणारा देश आपला, आणि ते मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून येतं. ते जिथे पिकलं तिथे काल-परवापर्यंत जंगल उभं होतं का, हे कळायला पुडीवर काहीच नसतं.

आकाशातून मात्र ते दिसतं. लँडसॅट उपग्रह १९७२ पासून जमिनीची चित्रं घेत आहेत आणि २००८ पासून ती सर्वांना मोफत मिळतात. आताच्या चित्रांतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण नऊ गुंठे. युरोपच्या सेंटिनेल-२ चा ठिपका तर जेमतेम गुंठ्याएवढा. इंडोनेशिया-मलेशियावरचे ढग सहसा हटत नाहीत, पण सेंटिनेल-१ चं रडार ढगांतूनही बघतं. अडचण वेगळीच आहे. वाढलेली पामची बाग वरून जंगलासारखीच हिरवीगार असते. शिवाय पंचवीसेक वर्षांनी जुनी झाडं पाडून नवी लावतात, तेव्हा चित्रात तीही जंगलतोडच वाटू शकते. म्हणून एका चित्रावर निवाडा करू नये, त्या जमिनीची मागच्या कित्येक वर्षांची चित्रं लावून बघावीत.

मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. पामचा घड उतरवला की फळातलं आम्ल भराभर वाढतं, म्हणून तो दिवसभरात गिरणीत पोचावा लागतो. त्यामुळे गिरणी बागांपासून फार लांब असूच शकत नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्या आपल्याला तेल पुरवणाऱ्या गिरण्यांची यादी आता जाहीर करतात. त्या गिरणीभोवती वर्तुळ काढायचं आणि आतलं किती रान गेलं ते चित्रांत मोजायचं. फळ नाशवंत, म्हणूनच तेलाचा माग लागतो.

पुढे टाक्यांत आणि जहाजांत सगळं तेल एकत्र होतं, आणि तो माग पुसला जातो. युरोपीय संघाने २०२३ मध्ये यावर कायदा केला. पाम, कोको, कॉफी असा माल ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा नसावा, आणि सोबत जमिनीचे अक्षांश-रेखांश द्यावेत. थोडक्यात, मालाला सातबारा हवा. अंमलबजावणी लांबणीवर पडत आली आहे. इंडोनेशियात पामखालचं जवळपास चाळीस टक्के क्षेत्र छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. दोन हेक्टरवाल्याने मोजणी आणि नकाशाचा खर्च कुठून करायचा? तो खर्च खरेदीदारानेच उचलला पाहिजे. नाहीतर जंगल राखणारा गरीबच आधी बाजाराबाहेर फेकला जाईल.

पाम सोडून देणं हा मार्ग मला पटत नाही. तेवढंच तेल सोयाबीनपासून काढायचं तर कितीतरी पट जमीन लागेल, आणि तीही कुठल्यातरी रानातूनच निघेल. विचारायला हवं ते एवढंच, की हे तेल कुठल्या जमिनीचं? सर्वांत मोठं गिऱ्हाईक आपण असताना हा प्रश्न युरोपनेच का विचारावा? कांडल्याच्या बंदरात उतरणाऱ्या तेलाचा नमुना आपण तपासतोच. त्या तपासणीच्या कागदांसोबत गिरण्यांची यादी मागणं आपल्या आयातदारांना आजही शक्य आहे.