दोराच्या दुसऱ्या टोकाला

हैदराबादेत कोठी म्हणजे आज बसगाड्यांचा गलबला, जुन्या पुस्तकांची दुकाने आणि सुलतान बाजाराची गर्दी. ज्या वास्तूवरून या भागाला हे नाव पडले, ती कर्कपॅट्रिकने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेली रेसिडेन्सी पायऱ्यांपाशी दोन सिंह बसवून आपल्या आवारात मुकाट उभी आहे. तिच्याकडे मान वर करून पाहणारे थोडेच. आम्ही काही मंडळी मात्र कित्येक वर्षे रविवारी भल्या पहाटे या चौकात जमत आलो आहोत. पाठीवर दोर आणि पिशव्या, हातात इराणी चहाचा पेला, आणि मग पन्नासेक किलोमीटरवरच्या भोनगीरची वाट. भोनगीर, म्हणजे चालुक्यराजा त्रिभुवनमल्ल विक्रमादित्याच्या नावाने ओळखली जाणारी भुवनगिरी, हा पाचशेहून अधिक फूट उंचीचा एकसंध खडक आहे. पूर्णा मालावत ही मुलगी 2014 च्या मे महिन्यात, वयाची चौदा वर्षे पुरी होण्याआधी, एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. तिची पहिली धडपड याच खडकावर झाली. आमच्यापैकी कोणी एव्हरेस्टला गेलेला नाही, जाण्याचा संभवही नाही. पण एका दोराला बांधून घेतलेल्या माणसांमध्ये जे नाते निर्माण होते, ते शिखराच्या उंचीवर अवलंबून नसते, एवढे आम्हांला अनुभवाने ठाऊक झाले आहे.

गेल्या आषाढात आमच्यातील एका सोबत्याला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. त्याचे नाव येथे सांगत नाही. त्याला ते आवडणार नाही. सुलतान बाजारातल्या एका गल्लीत तो आपल्या वृद्ध आईसह राहतो. आई कारवारकडची, घरात कोंकणी. आम्ही गेलो की तिच्या तोंडून मराठी आणि कोंकणी एकाच वाक्यात येतात. अशा प्रसंगी माणसाने माणसाला आधार द्यावा तो कसा, हा प्रश्न आम्ही तोवर विचारार्ह मानलाच नव्हता. आधार द्यायचा, बस्स. त्यात विचार कसला?

पहिल्याच भेटीत आमची चूक झाली. आम्ही सातआठ जण घोळक्याने गेलो आणि त्याला धीर देऊ लागलो. तू कातळाला कधी घाबरला नाहीस, याला काय घाबरतोस. हीही एक चढाईच समज. तू लढवय्या आहेस. एकाने शॉन स्वार्नर या अमेरिकन गिर्यारोहकाची हकीकत सांगितली. लहानपणी दोनदा कर्करोग होऊन एकच फुप्फुस धड उरलेला हा मनुष्य 2002 साली एव्हरेस्टवर चढला. हकीकत खरी आहे, थोरही आहे. आमच्या सोबत्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "मला काल संडासापर्यंत जाता आले नाही. मग मी त्याच्याहून कमी पडलो, असे धरायचे का?"

यावर कोणालाही काही सुचले नाही. नंतर खाली रस्त्यावर चहा पिताना आम्ही पुष्कळ वेळ याच एका वाक्याभोवती फिरत राहिलो. रोगाला युद्ध म्हणावे, रोग्याला योद्धा म्हणावे, ही भाषा आज सर्वत्र रूढ आहे आणि ती सद्भावनेनेच बोलली जाते. परंतु तिच्या पोटात एक क्रूर न्याय दडलेला आहे. जो बरा होतो तो शूर, असे एकदा म्हटले की जो बरा होत नाही तो कोण, याचे उत्तर न बोलताच दिले जाते. गिर्यारोहकांच्या जिभेवर तर ही भाषा अधिकच सहज येते. कारण आमच्या छंदात सराव, संयम आणि हिंमत यांचे फळ बरेचसे मिळते. खडक निःपक्षपाती असतो. अस्थिमज्जेत बिघडलेल्या पेशीला मात्र मनुष्याच्या गुणांची ओळख नसते. भित्रा बरा होतो आणि धीराचा जातो, हे कोणत्याही रुग्णालयाच्या कोणत्याही मजल्यावर दिसते. तेव्हा त्याच्या धैर्याची स्तुती करताना आम्ही खरोखर त्याच्यावर एक काम लादीत होतो: आमच्यासमोर धीट दिसण्याचे काम. आजाऱ्याला एवढे ओझे पुरे नव्हते काय?

आमच्या विद्येत दोन जण एका दोरावर असतात तेव्हा वर चढणारा एक, आणि खाली उभा राहून दोर सांभाळणारा दुसरा. नवखे लोक समजतात की खालचा वरच्याला ओढतो किंवा ढकलतो. तसे काहीही होत नाही. तो वरच्याच्या वतीने एक बोटभरही चढत नाही. तो फक्त पाहतो. चढणाऱ्याला हवा तेवढा दोर सोडतो. जास्त सोडला तर पडणारा खोल पडेल, कमी सोडला तर त्याचा हात अडेल. बोलतो थोडे. कंटाळला तरी नजर काढीत नाही. आणि तासन् तास ज्याची काही गरज भासली नाही, ती त्याची पकड एका क्षणी सर्वस्व ठरते. आम्ही हे इतकी वर्षे करीत आलो होतो. पण खाटेवरच्या मनुष्याजवळ गेलो तेव्हा नेमके तेच विसरलो आणि खालून आरोळ्या ठोकू लागलो.

पुढे हळूहळू शिकलो. औषधांनी रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या की साधा पडसेकरी पाहुणाही घातक ठरतो; अशा आठवड्यात न जाणे हीच सेवा असते, आणि सेवाभावी माणसाला ती सर्वांत जड जाते. तोंड आतून सोलून निघालेले असताना घरोघरचे मसालेदार डबे पाठवणे म्हणजे प्रेम खरे, पण कुचकामाचे. नाचणीची गार आंबील चालली, म्हणून तीच पाळीपाळीने जाऊ लागली. विम्याचे कागद भरणे, आईला बँकेत नेणे, पाण्याच्या टाकीवाल्याला दूरध्वनी करणे, असल्या नीरस कामांत दिवस जातो. आणि रक्तबिंबिका, म्हणजे ज्यांना सारे जण प्लेटलेट म्हणतात त्या. त्या कमी झाल्या की रक्त थांबत नाही. दात्याच्या शरीरातून रक्त यंत्रात घेऊन, बिंबिका तेवढ्या वेगळ्या काढून, बाकीचे रक्त त्याला परत देतात. तास-दीड तास लागतो. आणि ही जिन्नस साठवून ठेवता येत नाही. सतत हलवत ठेवूनही ती पाचेक दिवस टिकते. म्हणून एकदा मोठे दान करून मोकळे होण्याची सोय नाही. पुन्हा पुन्हा, वेळेवर, कोणीतरी असावे लागते. आम्ही यादी केली.

या यादीमुळे आमच्या एका मतास धक्का बसला. आमच्यातला एक जण, जो आमच्या सोबत्याचा सर्वांत जुना दोरबंधू, आजाराची बातमी कळल्यापासून एकदाही त्याच्या घरी फिरकला नव्हता. आम्ही त्याच्याविषयी कठोर बोललो होतो. कातळावर ज्याच्या हाती जीव सोपवला, तो जमिनीवर पळाला, असे. पुढे कळले की त्याचे वडील याच रोगाने गेले होते आणि रुग्णालयाच्या वासाने त्याचे पाय आजही लटपटतात. यादीत पहिले नाव त्याचे होते. दोनदा येऊन बिंबिका देऊन गेला. वरच्या मजल्यावर मात्र चढला नाही. आता याला काय म्हणावे? रोग्याला त्याचे रक्त मिळाले, पण त्याचा चेहरा मिळाला नाही, आणि चेहऱ्याची उणीव त्याला भासत होती, हे आम्ही जाणतो. आम्ही त्याला दोषमुक्त करू शकत नाही. पण दोष देणारे तोंडही आता आमचे राहिलेले नाही.

खरा पेच आश्विनात आला. औषधांची दुसरी फेरी संपत होती, खर्च वाढला होता, आम्हां सर्वांच्या नोकऱ्यांची ओढाताण चालू होती आणि हे सारे त्याला दिसत होते. एका संध्याकाळी तो म्हणाला, "आता सोडा मला. तुम्ही सगळेच दमलात." आजाऱ्याचे बोलणे म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेले. रात्री मात्र झोप आली नाही.

1953 साली के-2 या 8611 मीटर उंचीच्या पर्वतावर आठ जणांची एक तुकडी वादळात अडकली असता आर्ट गिल्की या तरुण भूशास्त्रज्ञाच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या, आणि त्या पुढे फुप्फुसापर्यंत गेल्या. नेता चार्ल्स हूस्टन स्वतः वैद्य होता. एवढ्या उंचीवरून एका निश्चेष्ट मनुष्याला खाली नेणे जवळजवळ अशक्य, हे त्याला पुरते ठाऊक होते. तरीही त्याला मागे ठेवण्याचा विचार कोणी केला नाही. तंबूच्या कापडात गुंडाळून, मॉर्फिन देऊन, ते त्याला बर्फाच्या उतारावरून उतरवू लागले. 10 ऑगस्टला एकाचा पाय घसरला, दोर एकमेकांत अडकले, आणि पीट शोनिंग याने खडकामागे रोवलेल्या एका कुऱ्हाडीच्या आधारे कोसळणाऱ्या सर्वांना एकट्याने धरून ठेवले. त्यानंतर जखमी मंडळी तंबूची जागा करू लागली. गिल्कीला थोडा वेळ उतारावर कुऱ्हाडींनी बांधून ठेवले होते. परत येऊन पाहतात तो तेथे कोणी नव्हते. हिमकडा कोसळून तो गेला, की सोबत्यांचे प्राण वाचावेत म्हणून त्याने स्वतःच आपला आधार सोडवला, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जात आहे. त्याचे अवशेष 1993 साली सापडले. उत्तर सापडले नाही. बाकीचे सातही जण जिवंत परतले.

लोक या कथेतून शोनिंगची पकड उचलतात. आम्हांला त्या रात्री गिल्कीच दिसत होता. त्याने जर खरोखरच स्वतःला सोडवले असेल, तर तो त्याचा अधिकार होता काय? आमच्यातील एकाचे म्हणणे, होय. ज्याला वाहून नेले जाते तोही दोरावरचाच एक, आणि इतरांविषयीचे त्याचे कर्तव्य आजाराने संपत नाही. दुसऱ्याचे म्हणणे, नाही. सोबत्यांनी दिलेले नाकारण्याने तो त्यांना वाचवीत नाही, जन्मभराचे शल्य देतो. आमचा कल तिसरीकडे आहे. गिल्कीपाशी विचारायला कोणी नव्हते. आमच्या सोबत्यापाशी आम्ही होतो, आणि आम्ही विचारले नाही. हसण्यावारी नेले. त्याला उपचार थांबवायचे होते, की केवळ आम्हांला मोकळे करायचे होते, हा भेद विचारल्यावाचून कळणार कसा? दुसऱ्या दिवशी दोघे जण परत गेले आणि सरळ विचारले. तो बराच वेळ रडला. उपचार नको झाले नव्हते. ओझे होणे नको झाले होते.

1974 साली नंदादेवी परिसरात हिमभेगेत कोसळून मांडीचा सांधा निखळलेल्या हरीश कापडिया यांना सोबत्यांनी तेरा दिवस वाहून तळावर आणले. पुढे दोन वर्षे कुबड्या. या मुंबईकर गिर्यारोहकाने त्यानंतर हिमालयात किती वाटा तुडवल्या आणि हिमालयन जर्नलचे संपादन किती दीर्घकाळ केले, हे जाणकारांस सांगावयास नको. परंतु वाहून नेणाऱ्यांनी हे भविष्य पाहून खांदा दिला नव्हता. आम्ही त्याला हे सांगितले तेव्हा, स्वार्नरच्या वेळेप्रमाणे, तो रागावला नाही. येथे नायक खांदे देणारे होते, म्हणून असेल.

आईचा प्रश्न उरतो. तिला 'रक्त कमी झाले आहे' एवढेच सांगितले आहे, आणि ते मुलाच्याच इच्छेने. हे असत्य आहे. आम्ही दर भेटीत त्यात भागीदार होतो. ती दारापर्यंत येऊन म्हणते, "बरें जातलें," आणि वर "देव बरें करूं." कोंकणीत आभार मानायचे ते असे, आभार आणि प्रार्थना वेगळ्या करता येत नाहीत. तिच्या डोळ्यांकडे पाहता, तिला सारे कळले आहे आणि तीच आम्हांला सांभाळून घेत आहे, अशी आम्हांला दाट शंका येते. म्हातारीने दोर कोणाच्या हाती आहे हे बोलून दाखवले नाही, इतकेच.

डग स्कॉट या इंग्रज गिर्यारोहकाचे दोन्ही पाय 1977 साली काराकोरममधील ओग्र शिखरावरून उतरताना मोडले. सोबत्यांनी पुढे वाट पाडली, दोर लावले. तो गुडघ्यांवर रांगत खाली आला. पुढे 2020 साली मेंदूचा कर्करोग झालेला असताना, 1975 च्या एव्हरेस्ट चढाईतला आपला पोशाख अंगात घालून, तो घरातला जिना चढला, नेपाळमधील कामासाठी निधी जमावा म्हणून. त्याच डिसेंबरात तो गेला. हे आम्ही आमच्या सोबत्याला सांगितलेले नाही. कधी सांगावे, सांगावे की नाही, यावर आमचे एकमत झालेले नाही.

मागल्या रविवारी वैद्यांच्या परवानगीने त्याला भोनगीरला नेले. खडकाला हात लावायचा नाही, खरचटून चालणार नाही, अशी ताकीद होती. पायथ्याशी सावलीत घडीची खुर्ची टाकून तो बसला, तोंडावर फडके, डोक्यावर लोकरी टोपी. पहिला तासभर काही बोलला नाही. मग एक नवा पोरगा दोर सांभाळत असताना खुर्चीतून आवाज आला, "अरे, ढील फार देतोयस. वर बघ, माझ्याकडे काय बघतोस?" पोरगा ओशाळला आणि वर बघू लागला.

बुधवारी पुन्हा रक्ततपासणी आहे. बिंबिका लागल्या तर यादीत आता चौथ्याची पाळी. त्याला पडसे झाले आहे, म्हणून पाचव्याला आजच कळवले.