निळ्या गोळीचा धडा

सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये आठवड्यातून एकदा, बहुतेक ठिकाणी सोमवारी, जेवणानंतर मुलामुलींना एक निळी गोळी दिली जाते. शिक्षक समोर उभे राहतात, गोळी गिळली की नाही ते पाहतात, रजिस्टरमध्ये खूण करतात. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. त्याच वर्गात, कधी त्याच दिवशी, विज्ञानाच्या तासाला हिमोग्लोबिन शिकवलं जातं: तांबड्या पेशी, हृदयाचे चार कप्पे, पट्टीने रेघा मारून नावं दिलेली सुबक आकृती. पण या गोळीची आणि त्या धड्याची एकमेकांशी ओळख कुणी करून देत नाही. गोळी म्हणजे वरून आलेलं काम, धडा म्हणजे परीक्षेचा भाग. हृदयाची आकृती डोळे मिटून काढणाऱ्या नववीतल्या मुलीला तिचं स्वतःचं हिमोग्लोबिन किती आहे ते विचारा. तिला सांगता येणार नाही, आणि ते तिला ठाऊक असावं असं आपल्यालाही कधी वाटलेलं नसतं.

वास्तविक या धड्यात गणितासकट सगळं आहे. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. मोठ्या माणसाच्या शरीरात लोह असतं अवघं तीन-चार ग्रॅम, आणि त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्येच गुंतलेलं. नव्या पेशी घडवायला रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह लागतं. एवढं लोह जेवणातून कुणालाच मिळत नाही. ते येतं मेलेल्या पेशींतून. प्लीहा आणि यकृत जुन्या पेशी मोडतात, त्यातलं लोह काढून अस्थिमज्जेकडे परत पाठवतात. त्वचेच्या आणि आतड्याच्या झडलेल्या पेशींबरोबर जेमतेम एक मिलिग्रॅम रोज बाहेर जातं. इतकी काटकसर शरीर दुसऱ्या कुठल्या धातूची करत असेल असं वाटत नाही.

मग पाळी सुरू होते. दर महिन्याला पंधरा-वीस मिलिग्रॅम लोह रक्ताबरोबर जातं, म्हणजे रोजचा खर्च सरासरी दीडपट. वाढीचं वय असल्यामुळे रक्ताचं एकूण प्रमाणही वाढत असतं, ती गरज वेगळी. जमेच्या बाजूला पोळी-भाजी, वरण-भात. धान्य-कडधान्यातलं लोह ताटात दिसतं तेवढं अंगी लागत नाही, बऱ्याचदा दहा टक्क्यांहूनही कमी शोषलं जातं. त्यात सकाळी चहा-चपाती खाऊन शाळा गाठायची. चहातलं टॅनिन चपातीतल्या लोहाला आतड्यातच अडवतं. घरखर्चाच्या वहीत महिनाअखेर जशी तूट निघते तशी इथेही निघते. फरक इतकाच, की ही वही कुणी उघडत नाही.

तूट आली की शरीर सांगतं, पण आपल्याला ते चाळे वाटतात. पाटीवरची पेन्सिल चोरून खाणारी मुलगी, भिंतीचा पोपडा चघळणारी, कच्चे तांदूळ तोंडात टाकत राहणारी. घरी ओरडा बसतो, जंत झालेत म्हणतात. जंत असूही शकतात; अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्तच पितात, म्हणून तर शाळेत जंतनाशक गोळीही देतात. पण अशा अखाद्य वस्तू खाव्याशा वाटणं हे पुष्कळदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं, आणि लोह भरून निघालं की ती इच्छा बहुधा आपोआप जाते. हे पाठ्यपुस्तकात दोन ओळींत मावलं असतं.

त्याऐवजी 'रक्त वाढायला' आपण बीट खाऊ घालतो. लाल खाल्लं की लाल रक्त होतं हा तर्क निरागस आहे. बिटाचा रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्याचा असतो, त्याचा लोहाशी काही संबंध नाही. बाळंतिणीच्या लाडवातल्या अळिवात बिटाच्या कितीतरी पट लोह असतं. आणि पोह्यांवर लिंबू पिळणाऱ्या हाताला ठाऊक नसेल, पण क जीवनसत्त्वामुळे पोह्यांतलं लोह जास्त शोषलं जातं.

गोळीतला दुसरा घटक फॉलिक ॲसिड, आणि त्याच्या शोधाची वाट मुंबईतून जाते. हे मुंबईच्या मुलांनासुद्धा कुणी सांगत नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी भयंकर पंडुरोग व्हायचा. त्यांच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसायच्या. लोह कमी पडतं तेव्हा त्या उलट लहान होतात. विल्सने या बायका काय खातात, कशा राहतात ते तपासलं. आधी उंदरांवर, मग माकडांवर प्रयोग केले. एका आजारी माकडाला तिने मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे यीस्टचा अर्क, इंग्रजांच्या न्याहारीला पावाला लावायचा स्वस्त पदार्थ. माकड सुधारलं. मग बायकांना दिलं, त्याही सुधारल्या. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. यीस्टमधला तो गुणकारी घटक नेमका कोणता हे तेव्हा कुणालाच कळलेलं नव्हतं. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळं काढलं गेलं तेव्हा धागा जुळला. आज त्याच गिरणगावातल्या शाळेत एखादी मुलगी नाक मुरडून निळी गोळी गिळते, तेव्हा त्यातला अर्धा इतिहास तिच्या गल्लीचा असतो.

मुलींच्या नाक मुरडण्याला कारणं आहेत. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं. शौचाला काळं होतं, आणि ते का होतं हे कुणी आधी सांगितलेलं नसतं. पुढे मूल होणार नाही अशी कुजबुज उठते. मग गोळी जिभेखाली धरून बाहेर थुंकली जाते आणि रजिस्टर मात्र शंभर टक्के भरतं. न शोषलेल्या लोहामुळे शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे एक वाक्य विज्ञानाच्या तासाला सांगायला किती वेळ लागतो?

आकड्यांबद्दलही मुलांशी मोकळं बोलता येईल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुलगे पंडुरोगी निघाले. (हा फक्त मुलींचा प्रश्न नाही, हेही यात आलं.) या पाहणीत रक्त बोट टोचून घेतलं होतं. त्याआधीच्या, शिरेतून रक्त घेतलेल्या एका राष्ट्रीय पाहणीत १० ते १९ वयाच्या मुलींमध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं. वयोगट वेगळे, पण रक्त घेण्याच्या पद्धतीचाही फरक आहेच: बोट दाबून पिळलं की थेंबात पेशींभोवतीचा द्रव मिसळतो. मोजमाप म्हणजे काय, ते कुठे चुकतं, हे शिकवायला याहून जवळचं उदाहरण शोधून मिळणार नाही.

शिवाय फिकेपणाचं कारण दर वेळी लोहच असेल असं नाही. नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी भागात सिकलसेल आहे. तिथे हिमोग्लोबिनची घडणच बदललेली असते, आणि नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी तो आजार हटत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते. सहा महिने गोळ्या घेऊनही दम लागतोय, सांधे दुखतायत, तर सिकलसेलची तपासणी झाली का, हे तिथल्या मुलीला आरोग्य केंद्रात विचारता आलं पाहिजे. आज ती केसपेपर पुढे करते, आणि पुन्हा गोळ्यांची पट्टी घेऊन परत येते.