भक्तीच्या आवाजाची किंमत कोण मोजतो?

मिरवणुकीच्या गाडीवर आणखी एक ॲम्प्लिफायर जोडल्याने भक्ती वाढते का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आधी जोडणीकडेच पाहावे. कारागीर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून जाड वायर ओढतो, बॅटरीपासून हातभराच्या आत तिच्यावर फ्यूज घालतो आणि अर्थिंगसाठी पत्र्याचा रंग खरवडून उघड्या धातूवर निगेटिव्ह आवळतो. स्टिरिओकडून आरसीए केबलने येणारा सिग्नल फार तर काही व्होल्टचा असतो. स्पीकरचा पडदा हलवणारी ताकद सगळी बॅटरीची. म्हणजे ॲम्प्लिफायर गाण्यात स्वतःचे काहीच घालत नाही, आलेल्या सिग्नलला दुसरीकडची शक्ती पुरवतो. अभंग आला तर अभंग मोठा होतो, अर्थिंग कच्चे राहिले तर अल्टरनेटरची शिट्टीही मोठी होते.

ही उसनी शक्तीच मला धार्मिक दृष्ट्या महत्त्वाची वाटते. आपल्या परंपरेला मोठा आवाज कधीच वर्ज्य नव्हता. कीर्तनकार भर सभेत खड्या आवाजात गातो, दिंडीत टाळ-मृदंग कडाडतात. पण त्या आवाजाची किंमत गाणाऱ्याचा घसा आणि वाजवणाऱ्याचे हात मोजतात. दम लागला की आवाज आपोआप उतरतो. संयम शरीरातच बसवलेला असतो. तप म्हणजे स्वतः सोसणे. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाची पहिली कसोटी सांगितली आहे, ती ऐकणाऱ्याला उद्वेग न देण्याची. आणि दुसऱ्याच्या नाशासाठी केलेले तप तिथेच तामस ठरवले आहे. मनुस्मृतीही मोठ्याने केलेल्या जपाहून पुटपुटलेला उपांशु जप वरचा मानते आणि त्याहूनही वरचा मानस जप. या साऱ्याचा मला दिसणारा इत्यर्थ असा, की उपासनेची किंमत उपासकानेच मोजायची. ॲम्प्लिफायरने नेमका हाच दुवा तुटतो. गेनचा स्क्रू एका बोटाने फिरतो आणि किंमत मोजतो तो वरच्या मजल्यावरचा हृदयरोगी, पाळण्यातले तान्हे, परीक्षेला बसलेली मुलगी.

शिवाय या वाढीला तळ नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज अवघा ३ डेसिबलने चढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. शेजारच्या मंडळाच्या वरताण करू पाहणाऱ्याला म्हणूनच कधी पुरे वाटत नाही. तो ॲम्प्लिफायर कुवतीपलीकडे ताणतो, ध्वनिलहरींचे माथे कापले जातात, आवाज फाटतो आणि ज्या नामासाठी खटाटोप केला तेच ओळखू येईनासे होते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप परंपरेतूनच येतो. चैतन्य महाप्रभूंचे सहचर हरिदास ठाकूर उच्चस्वरातल्या नामजपाचा कैवार घेत. मनातल्या जपाने एकट्याचे भले होते, मोठ्याने घेतलेले नाम ऐकून पशुपक्षीही तरतात, असे त्यांचे म्हणणे चैतन्यभागवतात आले आहे. हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण हरिदास स्वतःच्या घशाने नाम घेत होते आणि ज्याला नको त्याला चार पावले दूर जाता येत होते. घराच्या भिंती हादरवणाऱ्या आवाजापासून घरातल्या माणसाने कुठे जावे? दुसरा आक्षेप असा, की हजारोंच्या सभेत माइक नसेल तर मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना कीर्तन ऐकूच येणार नाही. अगदी खरे. ऐकायला आलेल्यांपर्यंत शब्द पोचवणारे यंत्र सेवाच करते, आणि त्याची हद्द मांडवाच्या कडेपाशी संपते.

‘फक्त आमच्याच सणांवर बोट का?’ हा तिसरा आक्षेप. अजान, चर्चमधली प्रार्थना, जागरण, सगळ्यांना कसोटी हीच लागते. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने, कोणताही धर्म ध्वनिवर्धक लावून इतरांची शांतता मोडायला सांगत नाही, असे म्हटले ते चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये लाउडस्पीकर हा धर्मस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कात बसत नाही असा निर्वाळा दिला. निवासी भागासाठी नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण कायदा फक्त बाहेरची कड आखतो. धर्माने माणसाकडून त्याहून अधिक मागायला हवे आणि ते पोलिसांची गाडी येण्याआधी मागायला हवे.

मंडळाला आवाज वाढवायचाच असेल तर त्याला एक निर्दोष वाट आहे: आरतीला आणखी चाळीस माणसे उभी करावीत. त्यातला प्रत्येक जण स्वतःचा श्वास खर्च करील, शब्द पाठ करील, शेजाऱ्याशी सूर जुळवील. तो आवाज कितीही वाढला तरी त्यासोबत गाणारेही वाढलेले असतील. जनरेटरच्या जोरावर चढलेल्या आवाजात भक्तांची संख्या एकानेही वाढलेली नसते.